लाल फळं, काटेरी पानं – आईच्या पायाच्या गोळीतलं ‘रस्कस’ म्हणजे आपली शतावरीच का?

धुऱ्यावरचा_घाटंजी

राम राम मंडळी. जरा लांब लिहितो, वाचा आन् माहिती असन त सांगा.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, वावराच्या मागून टिपेश्वरचं जंगल सुरू होते. आईची पिठाची गिरणी हाय, पंचवीस-तीस वर्षं झाली ती दिवसभर उभीच राहते, आन् दिवाळीनंतर कापूस वेचाले जाते थे वेगळंच. आता तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या शिरा गुंताळून वर आल्या, सांजीले घोट्यापाशी सूज येते, बोट दाबलं त खड्डा पडते आन् बराच वेळ तसाच राहते. रात्री पाय जड पडते म्हणून उशीवर पाय ठेवून झोपते.

माझा आतेभाऊ हैदराबादले असते, थो दिवाळीले आला तवा पायाच्या शिरांसाठी म्हणून गोळ्यांची एक डबी घेऊन आला. डबीवर नाव ‘रस्कस अ‍ॅक्युलिएटस’ आन् एका बुटक्या हिरव्यागार झुडपाचं चित्र, पानाच्या टोकाले काटा आन् पानाच्या मधोमध एक लालभडक फळ. पोरीनं मोबाईलवर पाह्यलं त त्यात आलं की हे झाड अ‍ॅस्परॅगसच्या कुळातलं हाय. आन् अ‍ॅस्परॅगस म्हणजे शतावरी. झालं, आई म्हणे, ‘मंग एवढे पैसे कायले घालवायचे, आपल्या धुऱ्यावर शतावरी हाय, तिले बी काटे हायेत, तिले बी लाल फळं येते.’ दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गेली, मुळ्या खोदून आणल्या, वाळवल्या, कुटल्या. पंधरा दिवस झाले दुधात घेऊन राहिली, गोळ्यांची डबी फडताळात तशीच पडली.

मले तीनच गोष्टी विचाराच्या हायेत. हे दोन्ही झाड एकच का? शतावरीच्या मुळीनं पायाच्या शिरा बसते का? आन् ते डबीवरचं झाड आपल्या इकडं लावता येईन का?

सांबारवडी

शतावरी बायांसाठी चांगलीच असते दादा, माझ्या दोन्ही बाळंतपणात सासूबाईंनी शतावरी कल्प दिला होता. घेऊ द्या, काही होत नाही.

मास्तर_आर्वी

घाटंजीवाले भाऊ, प्रश्न चांगला विचारलात. मी हायस्कूलात विज्ञान शिकवायचो, आता रिटायर आहे, वनस्पतीशास्त्र हा माझा जीव की प्राण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, पायाचं कोणी दवाखान्यातलं माणूस सांगेल.

ही दोन झाडं एक नाहीत. कूळ एक आहे. तुमच्या पोरीनं बरोबरच वाचलं, पण कूळ एक म्हणजे झाड एक असं होत नाही. वांगं, टमाटर, मिरची, तंबाखू आणि धोतरा हे सगळे एकाच कुळातले, म्हणून धोतऱ्याची भाजी कोणी करत नाही. शतावरीच्या कुळात तर कोण कोण आहे बघा, आपली सफेद मुसळी आहे, बांधावरचं घायपात आहे, हारात जातो तो निशिगंधही त्यातलाच. पूर्वी यातले बरेचसे लिलीच्या कुळात धरत, डीएनए तपासायला लागल्यापासून नव्या मांडणीत ते शतावरीच्या कुळात आले.

डबीवरच्या झाडाला रस्कस अ‍ॅक्युलिएटस हे नाव लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७५३ साली दिलं, अ‍ॅक्युलिएटस म्हणजे काटेरी, टोचणारं. आपल्या शतावरीचं नाव अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस, ते विल्डेनो या दुसऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७९९ मध्ये दिलं, रेसिमोसस म्हणजे फुलांची मंजिरी धरणारी. रस्कस आपल्याकडे रानात कुठंच नाही. त्याचा मुलूख पश्चिम आणि दक्षिण युरोप, भूमध्य समुद्राचा काठ, तिथून तुर्कस्तानाकडे. इंग्रजीत त्याला बुचर्स ब्रूम म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत खाटकाचा फडा. त्याच्या ताठ काटेरी फांद्यांची जुडी बांधून तिकडचे खाटीक मांस तोडायचा ओंडका घासून साफ करायचे.

पण खरी गंमत पुढं आहे. डबीवरच्या चित्रात फळ पानाच्या मधोमध आहे असं तुम्ही लिहिलं. आता तुम्हीच सांगा, पानाच्या पोटावर फळ धरलेलं कधी पाहिलं का? आंब्याच्या पानावर आंबा लागतो का? फूल-फळ लागतं खोडाला, फांदीला. म्हणजे रस्कसचं ते पान हे पानच नाही, ती चपटी झालेली फांदी आहे. पुस्तकात याला क्लॅडोड म्हणतात. नागफणी डोळ्यासमोर आणा, तिचे हिरवे चपटे पंजे म्हणजे खोड, म्हणून तर बोंडं त्यांच्यावर लागतात. रस्कसचं खरं पान म्हणजे त्या चपट्या फांदीच्या बुडाशी असलेला कागदासारखा एवढासा खवला, लवकर वाळून जातो.

आणि हीच सवय तुमच्या धुऱ्यावरच्या शतावरीला आहे. तिची ती हिरवी सुईसारखी बारीक पानं, तीही पानं नाहीत. उद्या एक फांदी घ्या आणि मोबाईलचा कॅमेरा एकदम जवळ नेऊन पाहा. काय दिसतं ते इथं लिहा, मी आधी सांगत नाही.

झाडीपट्टी_कुरखेडा

सर मी वीस वर्षं झाली शतावरी खोदून राहिलो, ही गोष्ट मलेबी माहीत नव्हती.

धुऱ्यावरचा_घाटंजी

मास्तर, सकाळीच गेलो. दव होतं, धुऱ्यावर पळसाच्या बुडाशी वेल चढला हाय. एक जाडसर फांदी धरली त बोटात काटा घुसला, काटा खाली वाकलेला असते त्याच्यानं हात मागं घेतला की अजून रुतते. फोटो मोठा करून पाह्यला. जिथं काटा हाय तिथूनच, काट्याच्या अगदी वरच्या बगलेतून सुयांचा झुपका निघाला, कुठं चार कुठं सहा, आन् कोवळ्या फांदीवर पाह्यलं त काट्याच्या जागी नुसताच एक पांढुरका पातळ पापुद्रा होता. पोरगी म्हणे बाबा हे पाहा, हा पापुद्रा म्हणजेच पान असन. बरोबर का मास्तर?

मास्तर_आर्वी

शंभर टक्के बरोबर! पोरीला माझा आशीर्वाद सांगा. तो पापुद्रा म्हणजे शतावरीचं खरं पान, जाड फांदीवर त्याचंच बूड कडक होऊन काटा बनतं. आणि पानाच्या बगलेतून जे निघतं ती फांदीच असते, म्हणजे तो सुयांचा झुपका म्हणजे बारीक झालेल्या फांद्या. खरी पानं नावापुरती ठेवायची आणि उन्हातून अन्न करायचं काम हिरव्या फांदीनं करायचं, कोरड्या दिवसांत पाणी वाचवायची ही रीत दोन्ही झाडांत आहे. एकानं फांदीचं चपटं पान केलं, दुसरीनं सुई. नातं इथं दिसतं.

फरकही लिहून ठेवा. शतावरीचा काटा खोडावर असतो, रस्कसचा पानाच्या टोकावर. शतावरी वेलासारखी चढते, रस्कस गुडघा-मांडीएवढं झुडूप, क्वचित कमरेला लागतं. शतावरीला पांढऱ्या, मंद वासाच्या फुलांच्या मंजिऱ्या येतात, तिचं फळ वाटाण्याहून लहान, रस्कसचं चांगलं सेंटिमीटरभर. आणि शतावरीला बुडाशी बोटाएवढ्या गुबगुबीत मुळ्यांचा घोस असतो, म्हणून तिला शतमूली म्हणतात. रस्कसला असा घोस नसतो, त्याचं आडवं पसरणारं गाठीगाठीचं कंद-खोड असतं, औषधाला तेच वापरतात.

वऱ्हाडातून_विलायतेत

मी मूळचा दारव्ह्याचा, आता सहा वर्षं झाली इंग्लंडच्या दक्षिणेला राहतो, धागा पाहून राहवलं नाही. हे झाड मी दर रविवारी पाहतो! आमच्या इथून जवळ न्यू फॉरेस्ट म्हणून मोठं जुनं जंगल आहे, त्यात ओक आणि बीच या मोठ्या झाडांखाली सावलीत हे रस्कस उगवतं. हिवाळ्यात वरची सगळी झाडं उघडी बोडकी असतात, खाली तपकिरी पानांचा थर, आणि त्यात हे गडद हिरवं झुडूप उभं. पँटवरून पण टोचतं.

मला आधी वाटायचं हे होलीचं पिल्लू आहे. होली म्हणजे नाताळात दारावर लावतात ते, काटेरी पान आणि लाल फळं, आपल्याकडे केकवर प्लास्टिकचं लावतात तेच. इथल्या लोकांना पण तसंच वाटत असणार कारण रस्कसचं एक जुनं इंग्रजी नाव ‘गुडघ्याएवढी होली’ असंच आहे. पण होली वेगळ्याच कुळातलं, त्याचं मोठं झाड होतं, पान खरंखुरं पान असतं, कडेला नागमोडी आणि काटे कडेनं, आणि फळं पानाच्या बगलेत घोसानं लागतात. रस्कसचं फळ एकेकटं, पानाच्या मधोमध चिकटवल्यासारखं.

मास्तर म्हणतात ते मी फेब्रुवारीत डोळ्यांनी पाहिलं. ते ‘पान’ उलटंपालटं करून पाहिलं तर मधल्या शिरेवर तांदळाच्या कणीएवढं फूल, फिकट हिरवं, आणि त्याच्या पोटात जांभळा ठिपका. जवळ वाकल्याशिवाय दिसतच नाही. नर-मादी झाडं बहुतेक वेगवेगळी असतात त्यामुळे कित्येक झुडपांना फळ धरतच नाही, फळं दिसली की समजायचं मादी आहे आणि आसपास नर पण आहे.

इटलीचा एक सहकारी आहे, तो सांगतो त्यांच्याकडे याला पुंजितोपो म्हणतात, म्हणजे उंदराला टोचणारं. जुन्या लोकांनी लटकवलेल्या मांसाभोवती, चीजभोवती याच्या फांद्या बांधायच्या म्हणजे उंदीर चढायचे नाहीत. आणि वसंतात याचे कोवळे कोंब उकडून खातात, कडसर असतात म्हणे.

सांबारवडी

अगबाई, कोंब तर आपणही खातो ना! पावसाळ्यात शतावरीचे कोवळे कोंब रानभाजीत येतात, आमची मेळघाटातली कामाची बाई घेऊन यायची. कांदा-लसूण घालून परतायचे, काटा धरायच्या आत खुडावे लागतात.

एएनएम_ताई

मी उपकेंद्रात काम करते, रोज अशा बाया येतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहिते. सांबारवडी ताई, राग मानू नका, पण ‘घेऊ द्या काही होत नाही’ हे इथं बसत नाही. शतावरीनं आईंना त्रास होईल असं नाही म्हणत मी, पण त्यांना वाटून राहिलं की पायावर उपचार सुरू आहे आणि पायावर तर काहीच सुरू नाही. पंधरा दिवस असेच गेले ना.

पायाच्या शिरांमध्ये झडपा असतात, रक्त वर जाऊ द्यायचं आणि परत खाली येऊ द्यायचं नाही हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं, बाळंतपणं झाली, घराण्यात असलं, की झडपा ढिल्या पडतात, रक्त खाली साचतं, शीर फुगते, वाकडीतिकडी होते. शतावरी बाळंतिणीला, अशक्तपणाला देत आले आहेत, शिरांची झडप ती काही दुरुस्त करत नाही.

रस्कसबद्दल म्हणाल तर त्याच्या कंदात रस्कोजेनिन नावाचे घटक असतात, ते शिरेची भिंत आकसवतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं त्याला पायाचा जडपणा आणि अस्वस्थपणा कमी करायला ‘पारंपरिक वापर’ म्हणून मान्यता दिली आहे. पण पारंपरिक वापर म्हणजे काय, तर किमान ३० वर्षं लोक वापरत आले आणि तशी मोठी भीती दिसली नाही एवढंच, मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालंय असा त्याचा अर्थ नाही. म्हणजे जडपणा थोडा कमी वाटू शकतो, फुगलेली शीर त्यानं सरळ होत नाही. आणि या गोळ्यांनी काही जणांना जुलाब लागतात, आतड्याला सूज आल्याच्याही नोंदी आहेत, जुलाब सुरू झाले की गोळी लगेच बंद करायची. आईंना बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरला डबी दाखवल्याशिवाय एकही देऊ नका.

आता करायचं काय. जिल्ह्याच्या ठिकाणी पायांची कलर डॉपलर सोनोग्राफी करा, कोणती झडप गेली ते त्यात कळतं. डॉक्टर सांगतील त्या मापाचे घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे, सूज आल्यावर नाही. गिरणीवर उंच स्टूल ठेवा, आणि उभं राहायचंच असेल तर दर थोड्या वेळानं टाचा वर-खाली करायला सांगा, पोटरी म्हणजे पायाचा पंपच आहे. रात्री उशीवर पाय ठेवतात ते अगदी योग्य.

आणि हे नीट वाचा. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना, घरी मालीश अजिबात करायची नाही, गुठळी असू शकते. घोट्याजवळची कातडी काळी पडत असेल, खाज सुटत असेल तर जखम व्हायच्या आत दाखवा. फुगलेली शीर फुटून रक्त लागलंच तर आडवं झोपवायचं, पाय वर धरायचा, स्वच्छ कापडानं दाबून ठेवायचं, आणि मग गाडी बोलवायची.

धुऱ्यावरचा_घाटंजी

ताई, उजव्या घोट्याजवळ काळं पडलं हाय. आम्ही त्याले चुलीच्या धगीचं समजत होतो. उद्याच यवतमाळले नेतो.

झाडीपट्टी_कुरखेडा

भाऊ आधी आईले न्या, बाकी मागून.

लाल फळाचा विषय निघाला म्हणून एक सांगाचं हाय. दोन वर्षांआधी आमच्या शेजारचं चार वर्षांचं लेकरू शतावरीच्या वेलाजवळ खेळत होतं, त्याच वेलात गुंजीचा वेल गुंतला होता. गुंजीची शेंग फुटून लाल बिया लटकत होत्या, लेकरानं तोंडात टाकल्या. आजी म्हणे शतावरीचंच फळ असन, काही होत नाही. त्याच्या आईनं हातातली उरलेली बी पाह्यली, कडक, चकचकीत, बुडाशी काळा ठिपका. लगेच मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं, बिया चावल्या नव्हत्या म्हणून वाचलं. गुंज चावून पोटात गेली त जीव जाते. शतावरीचं फळ मऊ असते, दाबलं की फुटते, आत काळी बी. गुंज दगडासारखी कडक. लेकरायले ओळख करून द्या.

वऱ्हाडातून_विलायतेत

रस्कसचं फळ पण खायचं नाही बरं का. इथं जंगलाच्या फलकांवर लहान मुलांना लाल फळं तोडू देऊ नका असं लिहिलेलं असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात.

संत्रा_वरूड

तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. रस्कस लावायच्या भानगडीत पडू नका. एक तर ते झाड फार हळू वाढतं, बी रुजायलाच वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. त्याला पानझडी रानाची सावली आणि तिकडचा थंड हिवाळा ठाऊक, आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश चढतं. चारदोन कुंड्या हौस म्हणून सावलीत जगतील, पण मुळ्या काढून औषध करायचं म्हणजे झाडच मारायचं, आणि मोजून किती द्यायचं हे घरी कुटून कळत नाही.

दुसरं, हे मी भोगलंय म्हणून कळकळीनं सांगतो. सफेद मुसळीची लाट आली होती तेव्हा एका कंपनीचा माणूस आमच्या गावात आला, बेणं आमच्याकडून घ्या, पीक आम्हीच विकत घेऊ, करारावर सही. बेणं सोन्याच्या भावानं घेतलं, बाबांनी बैलजोडी विकली. मुसळी चांगली पिकली पण. काढली, सोलली, वाळवली, आणि ऑफिस बंद, फोन बंद. त्या पोत्यांवर आम्ही दोन वर्षं झोपलो. आता गावोगावी कोणी ‘विदेशी औषधी झाडं’ म्हणून लाल फळांचा फोटो दाखवत फिरलं तर आधी मालाचा खरेदीदार कोण, त्याची मागच्या वर्षीची पावती कुठं, हे विचारा.

झाडीपट्टी_कुरखेडा

बरोबर बोलले. आन् शतावरी लावाची असन त लावा, तिले आपलीच माती, आपलीच हवा. आमच्याकडे रानातली शतावरी लोकायनं एवढी खोदली का आता जवळच्या रानात दिसतच नाही, लय आत जावं लागते. व्यापाऱ्याले वाळकी मुळी पायजे, खोदणारा अख्खा गड्डाच उपटते. आमी ग्रामसभेत नियम केला का फळं पिकून बी पडल्याबिगर कुदळ लावाची नाही. खोदाची त एका बाजूनं, बाहेरच्या जाड मुळ्या घ्याच्या, मधचा डोळ्याचा गड्डा आन् थोड्या मुळ्या राहू द्याच्या, वरून माती लोटाची. पावसाळ्यात कोंब परत येते.

घाटंजीवाले भाऊ, आईनं कसं खोदलं?

मास्तर_आर्वी

झाडीपट्टीवाल्यांचं बोलणं सोन्यासारखं आहे. विशेष म्हणजे तिकडं रस्कसचंही हेच झालं. सजावटीला फांद्या आणि औषधाला कंद यासाठी रानातून इतकं नेलं गेलं की युरोपीय संघानं १९९२ च्या अधिवास निर्देशात, म्हणजे रानातले जीव आणि त्यांच्या जागा जपायच्या नियमांत, त्याला अशा यादीत टाकलं ज्यातल्या वनस्पती रानातून गोळा करण्यावर बंधन घालता येतं. हळू वाढणारं झाड आहे ते, एकदा उपटलं की भरून यायला वर्षं लागतात.

एएनएम_ताई

घाटंजीवाले दादा, आईंचं काय झालं? कळवा.

धुऱ्यावरचा_घाटंजी

माफ करा, आठ दिवस इकडं येताच आलं नाही. आईले यवतमाळले नेलं, डॉपलर झाली. उजव्या पायाची मोठी शीर मांडीपासून गेली म्हणते, डाव्या पायाचं कमी हाय. गुठळी नाही, हे पहिलं सांगितलं डॉक्टरनं आन् मी तिथंच खुर्चीवर बसलो. उजव्या पायाचं लेझर करा म्हणते, तवर मोजे. सरकारी योजनेत बसते का ते पाहून राहिलो. गोळ्यांची डबी दाखवली, डॉक्टर म्हणे सध्या यांच्या बीपीच्या गोळ्या सुरू हायेत, हे राहू द्या.

मोजे घालाले आईले पहिल्या दिवशी अर्धा तास लागला, आता पोरगी शिकली, ती पहाटे उठून आजीले घालून देते आन् मंग शाळेत जाते. गिरणीवर स्टूल आणलं, गावातल्या बाया म्हणे बसून दळण दळते का कोणी, पण दुसऱ्याच दिवशी दोघीजणी आपले पाय दाखवाले आल्या. एकीचा घोटा आईसारखाच काळा होता, तिले ताई तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं.

झाडीपट्टीवाले भाऊ, आईनं अख्खा गड्डाच काढला होता. पण वेलाच्या पलीकडच्या अंगानं, घायपाताच्या आडोशाले दुसरा एक बुडखा सापडला. त्याच्यावर अजून हिरवी फळं हायेत. त्याच्याभवती बोराट्या रोवून दिल्या, ढोरं तोंड घालणार नाही. पोरगी म्हणते फळं लाल झाली का बी तिची, मृगात टाकाची.